उघड्या टपाची जुनी गाडी ट्रेलरवरून नेताना: ऊन, वारा, पाऊस यांपासून बचावाचा नेमका क्रम

पाऊस येईल म्हणून गाडीवर घरचं कापडी कव्हर चढवायचं, वरून ताडपत्री टाकायची, सुतळीने आवळायची आणि निघायचं. बहुतेक जण असंच करतात आणि बहुतेक नुकसान यातूनच होतं. शंभर किलोमीटरनंतर ताडपत्री उचलली की दारांच्या कडांवर, मडगार्डच्या फुगीर भागावर आणि बॉनेटच्या कोपऱ्यांवर रंग पांढरट पडलेला दिसतो. कव्हर आणि रंग यांच्यामध्ये धूळ होती, वाऱ्याने कव्हर सतत फडफडत होतं, म्हणजे वाटभर गाडीला पॉलिश पेपर घासला गेला. आत पाहावं तर गालिचाही भिजलेला असतो.

हा लेख हूड, म्हणजे कापडी टप, दुमडता येणाऱ्या, साधारण १९३० ते १९६० या काळातल्या दोन दारांच्या गाड्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून १९५० च्या सुमाराची एमजी टीडी ही ब्रिटिश गाडी धरली आहे, कारण तिच्यात सगळ्या अडचणी एकत्र सापडतात: कापडी हूड, काढता येणाऱ्या बाजूच्या खिडक्या, बाजूंना हवेच्या फटी असलेलं बॉनेट, प्लायवुडचे तळफलक आणि पत्र्याखाली लाकडी सांगाडा. या लाकडाच्या सांध्यांत शिरलेलं पाणी बाहेरून दिसत नाही आणि लवकर सुकतही नाही. आपल्याकडे अशी गाडी बहुधा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट उघड्या पाठीच्या, ट्रकवरून नेतात. मागे जोडलेला ट्रेलर असेल तिथे काय बदलतं, ते त्या त्या टप्प्यात दिलं आहे.

चालत्या ट्रकवर पाऊस वरून पडत नाही, तो समोरून आणि बाजूने येतो, हे आधी डोक्यात पक्कं करायला हवं. ताशी ६० किमीला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो असतो. ८० ला तो ३० च्या घरात जातो. त्यात समोरून ताशी ३० किमीचा वारा मिळाला तर ५५ किलोच्या पुढे. म्हणून कव्हर किती जाड आहे यापेक्षा ते किती घट्ट बसलंय आणि कशाला धरून आहे, हे जास्त महत्त्वाचं.

टप्पा १: दिवस, वेळ आणि वाहन

जून ते सप्टेंबर उघड्या ट्रकवरून अशी गाडी नेऊ नये. न्यायचीच असेल तर बंद कंटेनर घ्यावा. बाकी वर्षात दोन काळ फसवे आहेत. एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस येतो, त्याच्या आधी धुळीची वावटळ उठते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो, तो विजांसह. दोन्ही बहुतेक वेळा दुपारनंतरच गाठतात. म्हणून पहाटे पाचला निघून दुपारी एकच्या आत पोहोचता येईल एवढाच पल्ला धरावा. मुंबई-पुणे किंवा पुणे-कोल्हापूर या वेळेत बसतं. मुंबईहून थेट कोल्हापूर गाठायचं असेल तर पुण्यात छपराखाली मुक्काम करावा.

हिवाळ्यात पावसाची भीती नसते, पण दव असतं. रात्रभर उघड्यावर उभ्या ट्रकवरची गाडी सकाळी ओलीचिंब सापडते.

फ्लॅटबेड ठरवताना तीन प्रश्न विचारा. बेड हायड्रॉलिकने पूर्ण खाली येतो का? बांधायला दोन्ही बाजूंना कड्या आहेत का? आणि मागच्या फेरीत काय वाहिलं होतं? वाळू, सिमेंट किंवा कोळसा वाहिलेला बेड झाडून नाही, धुऊन घ्यावा लागतो. नाहीतर ती भुकटी प्रवासभर तुमच्या सीटवर येऊन बसते.

कंटेनर घेतला तर टाकीत पेट्रोल कमी ठेवा आणि हवेशीर झरोके असल्याची खात्री करा. ओली गाडी बंद कंटेनरमध्ये कोंडणं हे उघड्यावर नेण्यापेक्षा वाईट.

टप्पा २: आठवडाभर आधी पाण्याची चाचणी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. टोनो कव्हर, म्हणजे हूड खाली असताना दारांच्या कडांपासून डॅशबोर्डपर्यंत केबिन झाकणारं कव्हर, गाडीवर बसवा. आत कोरडे वर्तमानपत्राचे कागद पसरा. मग बागेच्या पाइपने आधी समोरून, काचेच्या तळाशी पाच मिनिटं पाणी मारा आणि नंतर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं. कव्हर उघडा आणि कागद कुठे भिजलेत ते पाहा. पाणी बहुधा तीन ठिकाणांहून येतं: काचेच्या चौकटीच्या पायथ्याशी, टोनोच्या मधल्या झिपमधून आणि दाराच्या मागच्या कोपऱ्यातून.

टोनो नसेल तर चांगल्या कुशनवाल्याकडून शिवून घ्या. वर पीव्हीसीचा थर असलेलं कॅनव्हास, आत सुती फ्लॅनेल, कडेला ४ सेंमीची दुमड आणि तिच्यात नायलॉनची पट्टी. पुढच्या कडेला बटणं १२ ते १५ सेंमीवर हवीत. त्याहून लांब ठेवली की मधला भाग वाऱ्याने उचलला जातो आणि तिथून शिवण उसवते. झिपवर झाकणपट्टी हवीच, आणि तिचं तोंड मागे उघडणारं असावं.

इशारा: कापडी कव्हरची कड दारात अडकवून दार लावणं ही नेहमीची युक्ती आहे. ती करू नका. भिजलेलं कापड वातीसारखं पाणी आत ओढतं आणि गाडी उभी असतानाही आत ठिबकत राहतं.

टप्पा ३: आदल्या दिवसाची तयारी

१. गाडी धुवा आणि पूर्ण वाळवा. धुळकट गाडीवर कुठलंही आवरण चढवायचं नाही. दारांच्या फटी, बॉनेटच्या बिजागऱ्या आणि आरशांचे दांडे यांत राहिलेलं पाणी हवेच्या पाइपने उडवा.

२. गालिचे, सुटी उशी, हत्यारांची पिशवी आणि कागदपत्रं बाहेर काढा. हे सगळं तुमच्या दुसऱ्या गाडीतून जाईल. इतकं झाकूनही थोडं पाणी आत येणारच, पण ते प्लायवुडवर आलं तर पुसता येतं. गालिचाखाली गेलं तर आठवडा लागतो.

३. तळाच्या निचऱ्याच्या भोकांतले रबरी बूच काढा. पाणी आत येऊ नये म्हणून बूच घट्ट बसवणारे लोक आत आलेलं पाणीच साठवतात. फ्लॅटबेडवर खालून पाणी उडत नाही. बूच फक्त मागे ओढायच्या ट्रेलरवर ठेवायचे, कारण तिथे चाकांचे फवारे थेट तळावर येतात.

४. टाकीत पाव टाकी पेट्रोल पुरे. झाकणाचं रबर तपासा.

५. बाजूच्या सेल्युलॉइड किंवा पीव्हीसीच्या खिडक्या काढून प्रत्येकीला स्वतंत्र फ्लॅनेलमध्ये गुंडाळा आणि सपाट ठेवा. एकावर एक उघड्या ठेवल्या तर चरे पडतात. गुंडाळीसारख्या वळवल्या तर तडा जातो.

६. काचेच्या चौकटीचे खालचे नट आवळून घ्या. सैल चौकट ट्रकच्या हादऱ्यांनी खालच्या रबरावरून सरकते आणि तिथूनच पाणी घुसतं.

सोबत घ्यायचं सामान: ५० मिमी रुंदीचे पॉलिएस्टरचे रॅचेट (दातेरी खटक्याने आवळायचे) पट्टे ४ आणि जादा २, जाड सुती आवरणं ४, लाकडी पाचरी ४, पाच सेंमी जाडीच्या फळ्या २, सुती फ्लॅनेल ३ मीटर, ६ मिमीचा फोम शीट १, हलक्या चिकटपणाचा रंगाऱ्यांचा निळा टेप, रबरी हातमोजे, लाल फीत, स्वच्छ फडकी ६ आणि १० लिटर स्वच्छ पाणी.

इशारा: खाकी पॅकिंग टेप किंवा सेलोटेप रंगाला लावू नका. उन्हात त्याचा गोंद भाजून बसतो, मग तो काढताना जुना सेल्युलोज रंगही निघून येतो. नवा रंग मारून तीन महिने झाले नसतील तर निळा टेपसुद्धा नको.

टप्पा ४: हूड वर की खाली?

आमचं उत्तर स्पष्ट आहे: उघड्या ट्रकवर हूड खाली, टोनो वर. हूड हा गाडी स्वतः चालताना समोरून येणाऱ्या हवेसाठी बेतलेला असतो. ट्रकवर मात्र हवा केबिनच्या टपावरून उसळी मारून खाली येते, भोवरे करते आणि हूडला कधी दाबते, कधी आतून फुगवते. या उलटसुलट ओढीने आधी मागच्या खिडकीची शिवण जाते, मग पुढच्या पट्टीवरचे खिळे सुटतात. सांगाड्याचे रिव्हेटही ढिले पडतात. शिवाय ट्रकची उंची आणि हूडची उंची मिळून गावातल्या रस्त्यावर झाडाच्या फांद्या हूडला लागतात, ते वेगळंच.

हूड वर ठेवायचा एकच प्रसंग: टोनो नाही, कंटेनर मिळत नाही आणि जाणं टळत नाही. तेव्हा बाजूच्या सगळ्या खिडक्या बसवा, पुढचे दोन्ही खटके लावा आणि ट्रकचा वेग ५० च्या आत ठेवायला सांगा.

दुमडताना हूड पूर्ण कोरडा असला पाहिजे. ओला हूड एक रात्र दुमडलेला राहिला तर बुरशीचे काळे ठिपके उठतात आणि ते पुढे कधीच निघत नाहीत. दुमडीत कापड लोखंडी काड्यांमध्ये चिमटलं जाणार नाही, असं हाताने ओढून मोकळं करा. मागची पारदर्शक खिडकी जिथे वळते तिथे फ्लॅनेलची घडी ठेवा.

टप्पा ५: चढवणं आणि बांधणं

झाकायचं काम गाडी बांधून झाल्यानंतर. आधी झाकलं तर स्टिअरिंगवर बसण्यासाठी पुन्हा उघडावं लागतं, आणि घाईत एकदा उघडलेली बटणं पुन्हा सगळी लागत नाहीत.

१. गाडीचं तोंड ट्रकच्या केबिनकडे. टीडीसारख्या गाडीत बॉनेटच्या बाजूच्या हवेच्या फटींची तोंडं मागे उघडतात. गाडी उलटी चढवली की त्याच फटी वारा आणि पाऊस थेट इंजिनावर घेतात, आणि टोनोच्या मागच्या कडेखाली हवा शिरून ते आतून फुगतं.

२. गाडी चढवायच्या रॅम्पची चढण तीव्र असेल तर खाली फळ्या टाका, नाहीतर सायलेन्सर घासतो. विंचचा (गाडी ओढून घेणाऱ्या यंत्राचा) हूक चॅसिसला लावा. बंपर किंवा स्टिअरिंगच्या रॉडला कदापि नाही.

३. पहिला गिअर, हँडब्रेक, चारही चाकांना पाचरी.

४. पुढची चाकं टायरवरून जाणाऱ्या पट्ट्यांनी, मागचा भाग अॅक्सलला आवरण गुंडाळून बांधा. चाकं किंवा अॅक्सल बांधले की गाडी आपल्या स्प्रिंगवर हलायला मोकळी राहते. चॅसिस खाली ओढून बांधलं, तर मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग दबते आणि त्या क्षणी पट्टा सैल होऊन हूक निसटू शकतो.

५. मागच्या अॅक्सलवरून ब्रेकची नळी जाते. पट्टा तिच्यावर चढला तर ती चेपते. टॉर्चने पाहून मगच आवळा. तारेच्या चाकांच्या आऱ्यांमधून पट्टा ओवू नका.

६. प्रत्येक मोकळ्या लांबीत पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो, थरथरतो आणि ती थरथर रॅचेट सैल करते. उरलेलं टोक गाठ मारून बंद करा. सुटं टोक दारावर आपटत राहिलं तर रंग जातोच.

तपासणी: पट्टा मडगार्डला, रनिंग बोर्डला किंवा सायलेन्सरला कुठे टेकतो का? टेकत असेल तर फोम घालू नका, पट्ट्याची वाट बदला. फोम सरकतो.

नायलॉनचा दोर वापरू नये. तो भिजला की ताणतो, म्हणजे नेमक्या पावसात गाडी सैल होते.

टप्पा ६: झाकणं, आतून बाहेर

१. बॅटरीची अर्थची तार काढा. एमजीच्या टी मालिकेत अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणून सवयीने निगेटिव्ह काढू नका. आधी कुठली तार चॅसिसला जाते ते पाहा.

२. इंजिन गार झाल्यावर डिस्ट्रिब्युटरवर रबरी हातमोजा चढवा, बोटं कापून त्यांतून तारा बाहेर काढा. कार्ब्युरेटरच्या तोंडावर फडकं ठेवून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा. सायलेन्सरच्या तोंडात फोमचा बोळा. या तिन्हींना लांब लाल फीत बांधा आणि फीत स्टिअरिंगपर्यंत आणून गुंडाळा. बोळा तसाच ठेवून इंजिन सुरू करण्याचा प्रकार दिसतो त्याहून नेहमीचा आहे.

३. बॉनेटचे खटके लावा. वरून चामड्याचा पट्टा असेल तर त्याखाली फ्लॅनेल.

४. सीटवर सुती चादर. प्लॅस्टिक नको. उन्हात त्याखाली चामड्याला घाम सुटतो.

५. टोनोखाली उंचवटा हवा. सीटच्या पाठींमध्ये फोमचा गोल लोड किंवा अर्धवट फुगवलेला बॉल ठेवा, म्हणजे कव्हर मध्ये उंच आणि कडांना उतरतं राहील. सपाट कव्हरवर एक चौरस मीटरमध्ये ५ सेंमी पाणी साठलं तर ते ५० किलो होतं. एवढं वजन बटणं उपटतं.

६. टोनो पुढून मागे बसवा: आधी डॅशबोर्डची कड, मग दारं, शेवटी मागचा भाग. लिफ्ट-द-डॉट बटण ठिपका असलेल्या बाजूनेच उचलायचं असतं. बाकीच्या तीन बाजू पकडलेल्या असतात आणि त्या ओढल्या तर कापड फाटतं.

७. चाचणीत जिथे गळती सापडली तिथेच, म्हणजे काचेच्या पायथ्याशी, निळा टेप लावा. वरचा थर खालच्या थरावर चढेल असा खालून वर लावत या.

याउप्पर पूर्ण गाडीवर काही घालायचं नाही. पॅकिंगची ताणाची फिल्म गाडीभर गुंडाळण्याची पद्धत अलीकडे दिसते. तिच्यात दमट हवा कोंडते, वर ऊन पडतं आणि जुन्या रंगाला बारीक फोड येतात. उघडा पत्रा पावसात भिजू द्या. चांगल्या मेणाच्या थरावर पाणी काहीच करत नाही, घासणारं कापड करतं.

मागे जोडलेल्या ट्रेलरवर एक भर लागते. ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं खडे आणि चिखल थेट हेडलाइटवर फेकतात. त्या गाडीला मडफ्लॅप लावा आणि ट्रेलरच्या पुढे प्लायवुडची किंवा जाड पीव्हीसीची ढाल बसवा. गाडीच्या नाकाला चिकटून नव्हे, ट्रेलरच्या चौकटीला धरून.

टप्पा ७: रस्त्यात

पहिला थांबा १५ किमीवर. पट्टे बसतात, टायर दबतात आणि रॅचेट किमान एक दात तरी घेतोच. त्यानंतर साधारण ८० किमीला एकदा आणि प्रत्येक घाटाआधी एकदा.

घाटात कव्हरवरचं पाणी जागा बदलतं. खंडाळ्याची चढण चढताना ते मागच्या कडेला जमतं, उतरताना डॅशबोर्डकडे येतं. सपाटीवर न गळणारं कव्हर इथे गळतं. म्हणून पाऊस लागला असेल तर घाटाच्या आधी थांबून पाणी काढून टाका: हात टोनोखाली घालून मधून वर उचला, पाणी कडेने वाहून जाईल. वरून फडक्याने ओढू नका, त्यावर धूळ असते.

मुसळधार पाऊस आला तर पेट्रोलपंपाच्या छपराखाली उभे राहा. उघड्यावर थांबणं सर्वांत वाईट. चालताना वारा कव्हरवरचं पाणी ढकलून देतो, थांबल्यावर सगळं मधे साठतं.

चालकाला निघण्याआधीच सांगा: वेग ६० च्या आत, वाळूच्या डंपरमागे चिकटायचं नाही, आणि गाडीला टेकून उभं राहायचं नाही. जीन्सच्या बटणाचा चरा कुठलंही पॉलिश काढत नाही.

टप्पा ८: पोहोचल्यावर

प्रवास चांगला होतो आणि गाडी दुसऱ्या दिवशी इथे बिघडते. दमलेले लोक कव्हर तसंच ठेवून जेवायला जातात.

१. आधी धूळ १० लिटर पाण्याने ओतून वाहू द्या. चिखलाच्या ठिपक्यांवर कोरडं फडकं फिरवू नका. कोकणात किंवा समुद्रालगतच्या रस्त्याने आला असाल तर क्रोम, चाकाच्या आऱ्या आणि तळ गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुवा.

२. टोनो काढा, उलटा करून सावलीत पसरा. चादर काढा. तळफलकांखाली हात घालून पाहा. ओल लागली तर फलक उचला आणि त्याखाली पंखा लावा. चामडं उन्हात ठेवू नका, ते कडक होतं.

३. निळा टेप त्याच दिवशी काढा, स्वतःवर दुमडत, हळू.

४. लाल फितीच्या मागे जात तिन्ही बोळे काढा. मोजा: डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर, सायलेन्सर. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतून पुसा.

५. पेट्रोलचा वास येत नाही ना, हे पाहून मगच बॅटरी जोडा आणि इंजिन सुरू करा. पट्टे सोडणं त्यानंतर, पाचरी सगळ्यांत शेवटी.

६. उतरवल्यावर सपाट जागी दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि ब्रेक हलके लावत राहा, म्हणजे ड्रम कोरडे होतील. मग हँडब्रेक न लावता, चाकांना पाचरी लावून उभी करा. ओल्या ड्रमवर हँडब्रेक लावून रात्र गेली की अस्तर गंजून चिकटतं आणि सकाळी गाडी जागची हलत नाही.

७. हूड थोडा जरी दमट असेल तर वर चढवा, ताणून लावा आणि छपराखाली रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दुमडीच्या जागा हाताने चाचपा. त्या कोरड्या लागल्या तरच हूड पुन्हा खाली घ्या.